साचा बंदुकीपाशी

स्पाइसवुड खोरं, टेनेसी
९ जानेवारी १९७९

आर्व्हिल,

नाताळचं कार्ड पोचलं. सही नेडीनची होती. तू अजून जिवंत आहेस हे मला तुझ्या बायकोच्या अक्षरावरून समजून घ्यावं लागतं. असो. मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर पोस्टकार्डावरही भागलं असतं.

मला आजोबांची बंदूक हवी आहे. कायमची नको, उन्हाळ्यापर्यंत पुरे. तिच्यासारखीच दुसरी घडवायची आहे.

झालं असं. ऑक्टोबरात खोऱ्यात नेमबाजीची शर्यत झाली, नेहमीसारखीच, बक्षिसाला बैलाच्या मांसाचे वाटे. झाडून सगळे ठासणीच्या बंदुका घेऊन आले होते, आणि त्यातली एकही आपल्या डोंगरातली नव्हती. सगळ्या टपालानं मागवलेल्या, खोक्यातले सुटे भाग स्क्रू पिळून जोडलेल्या. एकाच्या बंदुकीला पितळेचं झाकण, दस्त्यावर चांदीचे पक्षी, नक्षीच नक्षी. ‘आमच्या पणजोबांच्या काळी इथं अशाच बनायच्या,’ असं तो सांगत होता आणि लोक माना डोलवत होते. मी म्हटलं, ‘बाळा, तुझ्या पणजोबाकडे चांदी असती तर त्यानं आधी दात बसवून घेतले असते.’ तो रागावलाही नाही, हसला. म्हातारी बडबडते म्हणून हसला. मला त्याचाच संताप आला.

पण त्याच्या तोंडावर मारायला माझ्याकडे आहे काय? आजोबांच्या हातची एक बंदूक खोऱ्यात उरलेली नाही. जुन्या वस्तू घेणारे लोक मोटारी घेऊन आले आणि एकेक करत घेऊन गेले. पुरात डॅडींचं दुकान वाहून गेलं, त्यात लाकडी नमुने, फर्मे, सगळं गेलं. माळ्यावर डॅडींनी सुकत ठेवलेली मेपलची फळी वाचली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खणातला गोळ्या ओतायचा साचा वाचला. बाकी फक्त तुझ्याकडची ती एक.

हो, मीच घडवणार. हसायचं तर हसून घे. डॅडींनी तुला बंदूक घडवायला शिकवलं आणि मला नळ्या घासायला लावल्या, पण घासणाऱ्यालाही डोळे असतात. क्लेट टॉलिव्हर नळी ठोकायला मदत करतो म्हणालाय. म्हातारा झालाय, पण घण अजून नेमका पडतो त्याचा. मात्र एकसारखा म्हणतो, ‘आर्व्हिलच्या मागं कशाला लागतेस, ऑर्लीना? आठवणीतून कर.’ आठवणीतून लोणचं होतं, बंदूक होत नाही.

माझे अंगठे आखडायला लागलेत. फार दिवस पटाशी धरता येणार नाही. माझ्यानंतर ही बंदूक कशी असायची हे सांगणारं कोणी नाही, मग ते चांदीचे पक्षीच आपले पणजोबा होऊन बसतील.

बसच्या मालडब्यातून पाठव. रजईत नीट गुंडाळ.

ऑर्लीना


डेटन, ओहायो
३० जानेवारी १९७९

ऑर्ली,

भांडायला लिहिलं नाहीस म्हणतेस. मग भांडताना कशी लिहितेस ते एकदा दाखव.

बंदूक पाठवणार नाही. बसच्या मालडब्यात लोक काय वाटेल ते फेकतात. मुठीपाशी तिचा दस्ता किती बारीक आहे तुला ठाऊक आहे, एक आपट बसली की दोन तुकडे. आणि ती डॅडींनी मला दिलीय. मी खोरं सोडून इकडं कारखान्यात आलो त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. तुला ते तेव्हापासून सलतंय आणि आता नमुन्याचं निमित्त सापडलंय. नेमबाजीच्या शर्यतीत कुणी मूर्ख काय बोलला त्याचा राग माझ्यावर काढू नकोस.

ती इथं बैठकीच्या भिंतीवर आहे, सुखरूप. नेडीन धूळ पुसते. तुला मापंच हवीत ना? वेगळ्या कागदावर लिहून पाठवतोय: नळीची लांबी, मुठीची जाडी, चिंधीला लावायची चरबी ठेवायला दस्त्यात जे भोक आहे त्याची जागा. दस्त्याच्या टोकाला खांद्याशी जी लोखंडी पट्टी आहे तिचा आकारही कागद लावून पेन्सिलीनं काढलाय.

आणि नियमाचंच बोलायचं तर डॅडींचाच नियम सांगतो. साचा बंदुकीपाशी. दर बंदुकीची नळी निराळी, म्हणून तिचा साचा निराळा, आणि दोघांची ताटातूट करायची नाही. तेव्हा बंदूक तिकडं यायच्याऐवजी साचाच इकडं यायला पाहिजे. पाठवून दे.

नेडीन बरी आहे. इथं बर्फ फार.

आर्व्हिल


स्पाइसवुड खोरं
१२ फेब्रुवारी १९७९

आर्व्हिल,

‘साचा बंदुकीपाशी’ हे तू मला शिकवतोस? कमाल आहे तुझी!

डॅडींनी तुला बंदूक दिली आणि साचा मात्र ठेवून घेतला, तो विसरले म्हणून नव्हे. मुद्दाम. आई ओरडली होती त्यांच्यावर, की जोडी का फोडता. तर म्हणाले, ‘गोळ्या संपल्या की घरी येईल.’ उभ्या आयुष्यात नियम मोडला तो एवढाच, आणि तोही तुझ्यासाठी. आणि तू यायचास, हे कबूल करते. दर हिवाळ्याच्या तोंडाला यायचास. आधी एकटा, मग डेलला घेऊन. बापलेक चुलीपाशी बसून शिसं वितळवायचात, माझं स्वयंपाकघर काळं करायचात, आणि पिशवीभर गोळ्या घेऊन जायचात.

डेलला पुरलं आणि तू यायचा थांबलास. दहा वर्षं होतील आता. दर मे महिन्यात सजावटीच्या रविवारी अख्खं खोरं टेकडीवर चढतं, आपापल्या माणसांच्या कबरी खरवडून साफ करतं, फुलं मांडतं, चादरी पसरून तिथंच जेवतं. डेलच्या कबरीवरचं तण मी उपटते. फुलं मी ठेवते. लोक विचारतात, ‘बाप नाही आला?’ मी म्हणते, कारखान्यात सुट्टी नाही. तू सेवानिवृत्त झालास तरी मी तेच सांगते, आता तर लोकांनी विचारणंही सोडलंय. भांडी घासताना खिडकीतून ती कबर समोर दिसते, तेव्हा नजर चुकवायची कुठं ते मला तरी सांग.

आता तुझी मापं. नळीची लांबी ठीक. चरबीचं भोक ठीक. पण ती खांद्याची पट्टी! आजोबा पट्टीला खोल चंद्रकोर द्यायचे, दंडावर अशी बसायची की धक्का लागला तरी हलायची नाही. डॅडींच्या अंगाला मापून कापलेली ती बंदूक. तुझ्या अंगालाही म्हणूनच बसायची, तुझी ठेवण हुबेहूब त्यांची. आणि तू पाठवलेला आकार बशीसारखा उथळ आहे. अशी पट्टी असती तर डॅडींचा खांदा कधीच निखळला असता. पेन्सिल घसरली असेल अशी मी माझी समजूत घातली.

इकडं काम सुरू झालंय. क्लेटनं आणि मी लोखंडी पट्टी तापवून सळईभोवती वळवली. तो ठोकतो, मी फिरवते. एका दमात जेवढा सांधा होईल तेवढा करायचा, थंड पडलं की पुन्हा भट्टीत. दोघांच्याही भुवया जळल्या. नळी कुठंही श्वास सोडत नाहीये. आत गोळीला फिरवणारा पीळ कोरायचा अजून बाकी आहे, आणि भोक नेमकं केवढं ठेवायचं ते मला पक्कं करायचंय.

म्हणून सोबत एक गोळी पाठवतेय. चरबी लावलेल्या चिंधीवर ठेव, नळीच्या तोंडात दाब, आणि गजानं खाली ढकल. सैल जाते, घट्ट जाते की अडते, खरं काय ते लिही.

ऑर्लीना


डेटन
३ मार्च १९७९

ऑर्ली,

गोळी मिळाली. चिंधीसकट घातली. गज एका हातानं दाबला, अलगद गेली, नेहमी जायची तशी. झालं समाधान?

पट्टीचं म्हणशील तर तुझी आठवण चुकतेय. माणूस म्हातारा झाला की त्याला जुनं सगळं खोल वाटतं.

आणखी एक. डेलचं नाव असल्या पत्रांत पुन्हा घालायचं नाही. कबर कोण साफ करतं ते मला माहीत आहे. उपकार मोजून दाखवायचे असतील तर करू नकोस, वाढू दे तण. लोकांना काय सांगायचं ते सांग, मला काडीची पर्वा नाही. मी का येत नाही हे सांगायला मी खोऱ्यातल्या कुणाच्या बापाचं देणं लागत नाही.

साचा अजून आलेला नाही.

आर्व्हिल


स्पाइसवुड खोरं
११ मार्च १९७९

आर्व्हिल,

ती गोळी आपल्या साच्यातली नव्हती.

क्लेटच्या अस्वल मारायच्या बंदुकीचा साचा मी मागून आणला आणि त्यातून ओतली. आपल्यापेक्षा थोडी जाड. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण नळीच्या तोंडाला कळतो. आजोबांच्या बंदुकीत ती चिंधीसकट सोड, चिंधीवाचूनही जायची नाही. हातोडीनं ठोकलीस तरी जायची नाही. आणि तुझ्याकडं ती ‘अलगद’ गेली. एका हातानं!

असं करताना मला लाज वाटत होती. आपल्या सख्ख्या भावाला असं सापळ्यात पकडायचं म्हणजे काय, असं वाटून मी पाकीट दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं होतं. तू लिहिलं असतंस ‘अडली’, तर मी तुझी माफी मागितली असती, आणि साचासुद्धा पाठवला असता. देवाशप्पथ पाठवला असता.

तुझ्या भिंतीवर बंदूक नाही. बहुतेक कित्येक वर्षांत नव्हती. ती पट्टी कुठल्या दुकानातल्या बंदुकीवरून गिरवलीस? नाकानं कांदे सोलत मला नियम सांगतोस, आणि साचा मागतोस तो कशासाठी? खोटं पुरं दिसावं म्हणून?

कुठं आहे ती? कुणाला दिलीस? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस, वाचणार नाही.

ऑर्लीना


डेटन
२ एप्रिल १९७९

ऑर्लीना,

तुमच्या भावानं तुमचं पत्र वाचून कपाटात टाकलं आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये बसून असतो. जेवायला बोलावलं तर येतो, जेवतो आणि परत जातो. गाडीचं बॉनेट उघडं, हातात पाना, आणि काम काहीच करत नाही. म्हणून मी लिहितेय. आपलं कधी फारसं जमलं नाही. तुमच्या डोंगरात मी कायम ओहायोची पोरगीच राहिले, पण हे ऐकून घ्या.

बंदूक आमच्याकडं नाही हे खरं आहे. डेलची शवपेटी फौजेच्या विमानानं यायच्या आदल्या दिवशी आर्व्हिलनं ती भिंतीवरून काढली, माझ्या सासूबाईंच्या रजईत गुंडाळली आणि गाडीत घालून निघून गेला. मी विचारलं कुठं चाललास, तर म्हणाला, ‘गप्प बस.’ गाडी पुलाच्या दिशेनं गेली. परत आला तो रिकाम्या हातानं. रजईसुद्धा नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही. ज्याचा एकुलता एक मुलगा लढाईत बंदुकीनं मेला त्याला घरात बंदूक बघवली नसेल, त्यानं ती नदीत टाकली असेल, हे कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. तुम्हाला का कळू नये?

जुन्या लोखंडाच्या तुकड्यासाठी तुम्ही त्याला उंदरासारखा सापळ्यात धरलात. डोंगरातली माणसं मायाळू असतात असं इथं सगळे म्हणतात. मला तरी अजून भेटलेली नाहीत.

नेडीन


स्पाइसवुड खोरं
६ एप्रिल १९७९

आर्व्हिल,

नेडीनचं पत्र आलं. नदीत!

आजोबांनी भट्टीपुढं बसून हाडं वितळेपर्यंत ठोकलेली नळी. डॅडींनी जन्मभर जपलेली. खोऱ्यातली शेवटची. ओहायोच्या त्या घाण पाण्यात, टायरांच्या आणि बाटल्यांच्या संगतीला! तुला ती बघवत नव्हती तर मला लिहायचंस, मी पायी चालत येऊन घेऊन गेले असते. क्लेट आला असता. कुणीही आलं असतं. पण तुला मोठं दुःख झालं होतं ना, आणि दुःख झालं की तुम्हा पुरुषांना काहीतरी फेकावंच लागतं.

डेल त्या बंदुकीवर जीव टाकायचा. माझ्या ओसरीवर बसून तिची नळी पुसताना तासन्‌तास घालवायचा, आणि जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही त्याला. तू काय केलंस हे कळलं असतं तर त्या पोराला बापाची लाज वाटली असती.

मला पुन्हा लिहू नकोस.

ऑर्लीना


डेटन
२१ एप्रिल १९७९

ऑर्ली,

लिहू नकोस म्हणालीस तरी हे एक वाचशील. मग फाड.

बाकी काय हवं ते बोल, लाजेचं जे लिहिलंस ते मी तुला विसरू देणार नाही.

डेल फौजेत निघाला तेव्हा जायच्या सकाळी त्यानं बंदूक भिंतीवरून उतरवली, खांद्याला लावून बघितली आणि म्हणाला, ‘डॅडी, ही माझी कधी?’ मी म्हटलं, ‘परत आलास की तुझी.’ तो म्हणाला, ‘शब्द?’ मी म्हटलं, ‘शब्द.’ नेडीन स्वयंपाकघरात होती, तिला हे माहीत नाही.

तो परत आला. कसा का असेना, परत आला. मी शब्द पाळला.

नेडीनला वाटतं नदीत टाकली. मी वाटू दिलं. त्या दिवशी ती मी गाडीच्या डिकीत सुट्या चाकाखाली घातली आणि गाडी पुलापलीकडं उभी करून नुसता बसून राहिलो, दुसरं काही नाही. मग ती तशीच डिकीत राहिली, आणि आम्ही दोघं टेनेसीला आलो ते तिला पाठीशी घेऊनच आलो. नेडीनला कळलं नाही.

तुम्ही सगळे चर्चमध्ये गात होतात तेव्हा मी टेकडीवर गेलो. खड्डा खणायला नेहमीप्रमाणे क्लेट होता. मी वरून रजई त्याच्या हातात दिली. आत काय आहे ते त्याला उघडून बघावं लागलं नाही. कुदळीनं एका अंगाला जागा वाढवली, तिला आडवी ठेवली, वर माती लोटली आणि हात झटकून बाजूला उभा राहिला. मग पेटी आली. फौजेनं ती उघडायची नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून बंदूक डेलच्या हातात देता आली नाही, शेजारी ठेवावी लागली. तू माझ्याजवळच उभी होतीस. मूठभर माती टाकलीस. ती बंदुकीवर पडली.

तर ती अशी आहे. ओहायोत नाही. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. दहा वर्षं तूच तिच्यावर फुलं ठेवतेस.

तुला का सांगितलं नाही? कारण तू म्हणाली असतीस, बंदूक जिवंत माणसांसाठी असते. डॅडीही तेच म्हणाले असते, आणि तुम्हा दोघांचं बरोबरही असतं. तेव्हा मला बरोबर बोलणारं माणूस नको होतं. आणि नंतर सांगायला फार उशीर झाला, म्हणून भिंतीवर आहे म्हणत राहिलो. मापं आठवणीतून लिहिली. पट्टी इथल्या एका प्रदर्शनातल्या बंदुकीवरून गिरवली. तुझं खरं, ती बशीच होती. गिरवतानाच कळलं होतं मला. माणूस अडला की असलं काहीतरी करतो.

टेकडीवर यायला मला जमत नाही. त्या खड्ड्याच्या काठाशी उभं राहायला माझे पाय तयार नाहीत. हे कारण तुझ्या लोकांना सांग हवं तर.

आता खण, नाहीतर शिव्या दे. मला सगळं सारखं.

आर्व्हिल


स्पाइसवुड खोरं
२८ मे १९७९

आर्व्हिल,

महिनाभर उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की कागदाला भोक पडत होतं.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच एप्रनवर क्लेटकडं गेले. तो नळी घासत होता. मी म्हटलं, ‘डेलच्या खड्ड्यात काय आहे?’ मान वर न करता म्हणतो, ‘नेहमीपेक्षा वीतभर रुंद खणला होता, ऑर्लीना.’ ‘आणि मी गेले चार महिने तुझ्यासमोर भावाला शिव्या घालतेय, तुझ्याच साच्यातून गोळी ओतून त्याला पकडतेय, तेव्हा तुझ्या तोंडात काय बोळा होता?’ ‘तू विचारलं नाहीस. आणि मी म्हटलं होतं ना, आठवणीतून कर.’ मी त्याच्या हातातली कानस घेतली आणि अंगणात भिरकावली. तेव्हापासून कालपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. तो घासायचा, मी फिरवायची, आणि कुत्र्यामार्फत निरोप द्यायचो.

आता तुझं. बंदूक पुरलीस म्हणून मी रागावलेय असं तुला वाटत असेल, तर तू अजून मूर्खच आहेस. खड्डा खणणाऱ्याला सांगितलंस आणि मला सांगितलं नाहीस! मी त्या पोराची आत्या. त्याचं नाक मी पुसलंय, त्याच्या गुडघ्यांना औषध मी लावलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा मी दहा वर्षं हातात फुलं घेऊन घातला. मी उकरून काढीन अशी तुला भीती होती ना? काढली असती. त्या वर्षी असतं तर खरंच काढली असती, तुझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे तू मला ओळखतोस. याचाही राग येतो.

लाजेचं जे लिहिलं ते परत घेते. तेवढंच परत घेते.

काल सजावटीचा रविवार होता. तू आला नाहीस. मला वाटलं होतं येशील. सकाळपासून रस्त्याकडं बघत होते, आणि स्वतःवर चिडत होते. क्लेटनं तुझ्या वाटणीचं गवत खरवडलं. नेडीनला सांग, डोंगरातलं एक मायाळू माणूस तिच्या मुलाच्या कबरीवर उन्हात तासभर गुडघ्यावर होतं, आणि त्या माणसाला तिनं पुढच्या खेपेला भेटावं. मी माझ्याबद्दल बोलत नाहीये.

मी एप्रनच्या खिशात साचा नेला होता. पाद्री प्रार्थना सांगत होता, सगळ्यांच्या माना खाली होत्या, तेव्हा मी खुरप्यानं फुलांखाली कोपरभर खणलं आणि साचा आत ठेवला, चरबीच्या फडक्यात गुंडाळून. लोकांना वाटलं म्हातारी रडतेय. रडत नव्हते, शिव्या देत होते. तुला, क्लेटला, त्या फौजेला, आणि डॅडींनासुद्धा, मुळात जोडी फोडली म्हणून. डेलला नाही दिली.

तू मागत होतास ना साचा? गेला बंदुकीपाशी. तू शब्द पाळलास पण अर्धाच पाळलास, गोळ्यांवाचून पोराला बंदूक दिलीस. उरलेला मी पुरा केला.

म्हणून आता नवी नळी जुन्या साच्यावर कोरायची नाही. ती तिच्या मापाची होईल आणि तिचा साचा तिचा. बाकी तीच: साधं लोखंड, चरबीचं भोक, पितळेचा कण नाही. फळीतून दस्ता निघालाय. रेषा अशा उठल्यात की डॅडींनी कशाला जपली ते कळलं. क्लेटनं काल हात फिरवून बघितला आणि चार शब्द बोलला, कुत्र्याला नाही, मला.

पण दस्त्याचं मागचं टोक मी लांबच ठेवलंय. आजोबांनी कधीही बंदूक आधी कापून ठेवली नाही. माणसाला दारात उभं करायचे, लाकूड त्याच्या खांद्याला टेकवायचे, मान कुठं पडते ते बघायचे आणि मगच करवत लावायचे. चंद्रकोर केवढी खोल ते कागदावरून कळत नाही, ते तूच दाखवून दिलंस. डॅडींचा खांदा खोऱ्यात कुणाकडं उरलेला नाही. तो डेटनमध्ये गॅरेजात बसून आहे. नमुना म्हणून मी बंदूक मागत होते, पण नमुना तूच आहेस, आणि तू बसच्या मालडब्यातून येणार नाहीस.

मी तुला माफ केलेलं नाही. आलास तर ओसरीवरच ऐकवीन, सगळ्यांसमोर, पोटभर. टेकडीवर एकट्यानं उभं राहायला जमत नसेल तर मी शेजारी उभी राहीन, त्या दिवशी राहिले होते तशीच, फक्त या खेपेला माहीत असून. पाय लटपटले तर क्लेट आहे, मी आहे.

साचा ठेवून घेऊन डॅडी तुला घरी आणायचे. माझ्याकडं आता साचा नाही. लाकूड आहे, ते शेगडीपासून लांब ठेवलंय, आणि करवत भिंतीला टांगलीय. तुझा खांदा घेऊन ये.

ऑर्लीना